पाव्हण्यांचा मान आणि मधला दांडा

"भंडारदरा मला इचारायचा. तितलं पानी सुदीक मला नावानं वळखतं," जीपमध्ये बसता बसता सहादेवनं सांगून टाकलं. मागं लेक पूजा बसली होती. त्याची बायको बनुबाई खिडकीतून बाहेर बघत राहिली. भंडारदरा त्यानं आजवर फक्त मोबाईलवर बघितला होता, हे जामखेडात तिला एकटीलाच माहीत होतं.

पण आज त्याला फुशारकी मारणं भागच होतं. दोन महिन्यांपूर्वी पूजाच्या साखरपुड्यात घोळ झाला होता. सहादेवनं फेटेवाल्याला बजावलं होतं, मधल्या खुर्चीतल्या माणसाला पहिला फेटा बांध. नेमके व्याही ज्ञानेश्वरराव हात धुवायला उठले, खुर्चीत टेकला त्यांचा मेव्हणा, आणि पहिला फेटा गेला मेव्हण्याच्या डोक्यावर. तेव्हापासून लग्नाची तारीख विचारली की व्याही एवढंच म्हणायचे, "बगू." म्हणून ही सहल. आज त्यांच्या मानात तिळाएवढी कसर ठेवायची नाही आणि संध्याकाळच्या आत तारीख काढून घ्यायची, असा सहादेवचा बेत होता.

नगरात ज्ञानेश्वरराव आणि होणारा जावई अमृत जीपमध्ये चढले. सहादेवनं लगेच त्यांना नगर दाखवायला घेतलं. वाट वाकडी करून गाडी डोंगरावर नेली.

"ह्यो बगा चांदबिबीचा म्हाल. आत खुद्द चांदबिबी झोपलीया."

"सलाबतखान झोपलाय," ज्ञानेश्वरराव म्हणाले. "आमी खालीच वाढलो. साळा बुडवून हितंच यायचो."

"म्हंजी तुमी आदी बगितलाय?"

"दर शनवारी."

पुढं संगमनेरपर्यंत सहादेवनं फक्त मैलाचे दगड वाचून दाखवले.

भंडारदऱ्याला पोचल्यावर मात्र सगळ्यांचे चेहरे खुलले. हिरवेगार डोंगर, काठोकाठ पाणी, भाजल्या कणसांचा वास. एवढं पाणी एका जागी बघून जामखेडच्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो, की हे सोडतात कुणाच्या शिवारात. सहादेवनं तो गिळला. पाण्याची आणि त्याची जुनी ओळख होती ना.

पूजा आणि अमृत एका होडीत बसून सरळ रेषेत निघून गेले. बनुबाई कणीस घेऊन काठावर बसली. दुसऱ्या होडीत नारिंगी जाकिटं घालून दोघे व्याही बसले. होडीवाल्यानं समजावलं, "पायडल दोघांनी मारायचं. मधला दांडा एकानं धरायचा, म्हंजी होडी वळती." आणि ढकलून दिलं.

"दांडा तुमी धरा, पाव्हणं."

"न्हाई, तुमी धरा. सहल तुमची."

"आमी पोरीवाले. मान तुमचा."

"माझा मान मेव्हण्याच्या डोक्यावर हाय. त्याला बोलवा."

दांडा कुणीच धरला नाही. वर सहादेव व्याह्यांना पायडलही मारू देईना. "तुमी निवांत बसा, पाय सुदीक हलवू नका." पण दोन्ही पायडलं आतून जोडलेली. सहादेवनं जोर लावला की व्याह्यांचे गुडघे आपोआप हनुवटीकडं यायचे. होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली, आणि वारा त्या गोलासकट तिला आत आत नेत होता.

सातव्या फेरीला पूजाची होडी शेजारून गेली.

"आबा, कुठं निघालात?"

"पाव्हण्यांना चारी बाजू दावतोय."

काठावरून बनुबाई ओरडली, "आवं, एखादी दिशा तरी धरा."

चौदाव्या फेरीला ज्ञानेश्वररावांचा धीर सुटला. "सहादेवराव, फेट्याचा राग म्या दोन महिने धरला. पन ह्यो दांडा कुनी धरला न्हाई, तर लग्नाला आपुन दोगं बी नसू." असं म्हणून त्यांनी दांड्याला हात घातला. पाव्हण्यांना कष्ट नकोत म्हणून सहादेवनंही घातला. एकानं डावीकडं ओढला, एकानं उजवीकडं. दांडा निघून दोघांच्या हातात आला.

दोघांनी दांड्याकडं बघितलं. मग ज्ञानेश्वररावांच्या पोटातून गदगदून हसू वर आलं, जाकीट कानापर्यंत उडायला लागलं.

"लिवून घ्या तारीख," ते डोळे पुसत म्हणाले. "तुळशीच्या लग्नानंतरचा पयला मुहूर्त. पर एक अट हाय. हितनं फुडं मानपान बंद. 'आदी तुमी, आदी तुमी' करत बसलो, तर पोरांच्या अक्षदा हितंच पडत्याल."

"बंद म्हंजी बंद," सहादेव म्हणाला, आणि दांडा हवेत फिरवत काठाकडं ओरडला, "तारीख मिळाली."

बनुबाईनं कणीस उंच करून दाखवलं.

होडीवाल्यानं मोटरबोट आणली, दोर बांधला आणि ओढत आणलं. येताना दोघे व्याही लंगोटीयारांसारखे एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते.

होडी धक्क्याला लागली. आधी कुणी उतरायचं, हे या वेळी कुणीच कुणाला विचारलं नाही. दोघे एकदम उठले आणि एकदम एकाच बाजूनं उतरायला गेले. होडी उलटली. पाणी कंबरेएवढं होतं.