मेलिसचं खोगीर

मी एक खोगीर आहे, आणि जुनं आहे. माझ्या पट्ट्या तीनदा बदलून झाल्या आहेत. मित्रांनो, नारीनच्या डोंगरात जुमाबाय कारागिराने बर्चच्या लाकडाचा माझा सांगाडा कोरला, वर कातडं चढवलं आणि मला मेलिसच्या घोडीवर बसवलं. कोक-बोरू या घोडेस्वारांच्या खेळात बकऱ्याचं धड ओढून नेण्यात मेलिसचा हात धरणारा कोणी नव्हता. लोक त्याची वाहवा करत, घोडीचीही करत. खोगिराची कोण करतं?

माझ्या नवव्या वर्षी घोडी घसरली आणि मेलिस पाठीवर आपटला. मज्जारज्जूला इजा झाली. कमरेखालचं अंग गेलं.

दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा त्याची आई सायरा हिने मला भिंतीशी उलटं, मागची बाजू पुढे करून ठेवलं होतं. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या घोड्यावर खोगीर तसं घालतात.

"आई, मी मेलोय का?"

"अरे, सहज हात गेला."

"सहज बरा गेला. सरळ कर ते."

तिने मला सरळ केलं आणि ती बाहेर जाऊन रडली.

पुढे राजधानी बिश्केकहून गुलबारा नावाची संशोधक आली. पाठीवरून सौम्य वीज देत लाकडी घोड्यावर बसवलं, तर शरीर पुन्हा तोल सावरतं का, हे तिला तपासायचं होतं.

"माझा पोरगा चालेल ना?" सायराने विचारलं.

"बहुधा नाही, मावशी. पण त्याच्यावरून पुढच्यांचं कळेल."

"म्हणजे पुढच्यांसाठी माझ्या पोराचे हाल?"

"होऊ देत गं," मेलिस म्हणाला. "तसाही बसूनच असतो. तिथे निदान खोगिरावर बसेन."

मला प्रयोगशाळेतल्या लाकडी घोड्यावर बांधलं. पहिल्या दिवशी तो चार सेकंदांत कलंडला. चौदा महिन्यांनी आधाराशिवाय एक्केचाळीस सेकंद बसला. पाय हलले नाहीत. गुलबाराने फसलेले दिवसही नीट लिहून ठेवले. जाताना मेलिस मला तिथेच ठेवून गेला.

आता माझ्यावर आयपेरी बसते. जर्दाळू काढताना ती झाडावरून पडली. मेलिसच्या नोंदी पाहून तिची वीज ठरवली आहे.

मित्रांनो, अशा कामाला हात द्या. फळ तुमच्याच पदरात पडेल असं नाही, तरीही द्या. आणि माझ्या कातड्याला अधूनमधून तेल लावा.

परवा आयपेरीच्या पायाचा अंगठा हलला. गुलबाराने तिथूनच मेलिसला फोन लावला. तिने ते सांगितलं. मग त्याने विचारलं, "डावा की उजवा?"