ओडमने प्रूइटला शिकवले तेव्हा

अ‍ॅक्रनच्या मैदानावर जे घडले ते मी पाहिलेले नाही. मुळात मी एकही सामना पाहिलेला नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण त्या सामन्याविषयी छातीठोकपणे बोलणारे या शहरात पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेच जण त्या दिवशी घरी होते.

मी एक बाक आहे. अमेरिकेतल्या सरोवराकाठच्या एरी शहराच्या फुटबॉल संघाच्या दवापाण्याच्या खोलीत, खिडकीला लागून उभा असलेला, गादी बसवलेला उंच बाक. माझ्यावर खेळाडू बसतात आणि त्यांचे घोटे, गुडघे, मनगटे चिकटपट्टीने आवळून बांधली जातात. माझ्यावर जे घडले तेवढेच मी खात्रीने सांगेन. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून सांगेन.

माझे लाकूड मेपलचे. ज्या सुताराने मला घडवले तो एरवी चर्चसाठी बाके करी, म्हणून माझे पाय गरजेपेक्षा जाड आहेत. ही त्याची चूक नव्हती. प्रार्थनेला बसणाऱ्यांपेक्षा माझ्यावर बसणारे दुप्पट वजनाचे निघाले. नाव फुटबॉल असले तरी या खेळात चेंडूला पाय क्वचितच लागतो. एकाने चेंडू काखेत मारून पळायचे आणि उरलेल्यांनी त्याला आडवा करायचा, किंवा आडवा करणाऱ्यांना आडवे करायचे, असा तो खेळ आहे. तेव्हा जाड पाय उपयोगी पडले.

दारातून वाकून आत येणारी ही माणसे पायमोजे काढले की लहान होतात, असे माझे निरीक्षण आहे. आपल्या पायाकडे ती बघत नाहीत, छताकडे बघतात. कोणाला डावा घोटा आधी बांधून लागतो. कोणाला पट्टी कात्रीने कापलेली चालत नाही, हातानेच फाडावी लागते. कशावरच विश्वास नसलेली माणसेही डाव्या घोट्यावर विश्वास ठेवतात. बांधून झाले की माझ्या गादीवर पंजाची एक थाप मारून निघून जातात. तेवढेच माझे आभार.

बांधणारा वॉल्ट गोर्स्की. सगळे त्याला डॉक म्हणतात. तो डॉक्टर नाही, आणि हे तो प्रत्येक नव्या गड्याला बजावून सांगतो. त्यानंतर तो गडीही त्याला डॉकच म्हणतो.

लव्हेल ओडम माझ्यावर पहिल्यांदा बसला तेव्हा राखीव होता. चेंडू घेऊन धावण्याची जागा त्याने दुसऱ्याकडून घेतली. इतिहास फिरून येतो असे मानणाऱ्यांना हे ऐकून समाधान वाटते. मला त्यात विशेष काही दिसत नाही. या खेळात प्रत्येकाची जागा आधी कोणाची तरी असतेच.

तो कसा धावे ते मला त्याच्या अंगावरच्या वळांवरून कळे. ते नेहमी पाठीमागे, पोटऱ्यांवर आणि कमरेवर असत, म्हणजे माणसे त्याला मागून पकडत. समोरून पकडणारे फारसे नसावेत. शहराने त्याच्यावर जीव टाकला. धक्क्यावरच्या खानावळीने त्याच्या नावाचा पाव काढला, तळलेला पर्च मासा आणि वर कोबी. डॉक शुक्रवारी तो पाव माझ्या कडेला टेकून खाई.

मग उजव्या गुडघ्यात पाणी भरू लागले. सामन्यानंतर तो गुडघा भिजवलेल्या कणकेसारखा होई. बोट दाबले की खळगा राही आणि ओडम छताकडे बघत राही.

मलाकाय प्रूइट आला तो शरदात. त्याचे घोटे इतके सरळ आणि कोरे होते की पट्टी गुंडाळताना डॉकने शीळ घातली.

"हे घोटे कधी वापरलेत की नाही रे?"

"वापरलेत की, डॉक. कोणाच्या हाती लागले नाहीत, एवढंच."

पहिल्या फळीतला बो क्रॅट्झ शेजारच्या बाकावर होता. तो फिस्कन हसला आणि ओडमकडे वळला. "आजोबा, ऐकलंत का? उद्यापासून तुमच्यासाठी काठी आणू?"

"आण," ओडम म्हणाला. "पहिली तुझ्याच पाठीत घालतो. जागा भरपूर आहे."

सगळे हसले. ओडमचा पाय माझ्यावर होता. तो ताठ झालेला मला जाणवला.

पाने गळेपर्यंत जागा कोणाची हा प्रश्न उरला नव्हता. प्रूइट ओडमपेक्षा वेगाने धावतो, हे कोच रेनफ्रोला दिसत होते आणि ओडमलाही. प्रूइटला एकच गोष्ट येत नव्हती. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक कॉलिन हास फेकण्याच्या तयारीत असला की त्याच्यावर चाल करून येणाऱ्याला अडवणे हेही धावणाऱ्या गड्याचेच काम असते. कोण कुठून घुसेल हे क्षणात ताडायचे आणि आपले अंग मध्ये घालायचे. ओडमला ते या संघात कोणाहीपेक्षा चांगले येई. त्याची जागा तेवढ्यावर टिकून होती.

एका सकाळी रेनफ्रो खोलीत आला आणि माझ्याजवळ उभा राहिला.

"लव्हेल, अ‍ॅक्रनला पोरगा उतरेल."

"बरं."

"त्याला फक्त कॉलिनला सांभाळायला शिकव. तुझ्यासारखं कोणाला येत नाही."

"म्हणजे माझी जागा मीच झाडूनपुसून त्याला द्यायची?"

"तसं नाही रे."

"मग कसं, कोच?"

रेनफ्रोने टोपी काढली, आत पाहिले आणि परत घातली. "संघासाठी," तो म्हणाला.

ही इथली रीत आहे. ज्याची जागा जाते त्यानेच ती घेणाऱ्याला तयार करायचे. असे कुठल्या करारात लिहिलेले असते असे मी ऐकलेले नाही. पण जो नकार देतो त्याच्याविषयी पुढे कोणी बरे बोलत नाही. ओडमने नकार दिला नाही.

शनिवारी शेवटचा हलका सराव होता. अ‍ॅक्रनचे गडी ज्या पद्धतीने घुसत, तिच्यावर उपाय म्हणून रेनफ्रोने त्याच सकाळी एक नवी खूण बसवली. कॉलिनने "निळा" अशी आरोळी दिली की सगळ्या पहिल्या फळीने एका बाजूला झुकायचे आणि मोकळी पडलेली दुसरी बाजू धावणाऱ्याने एकट्याने राखायची. ती नीट चालवून पाहण्याआधीच सरोवरावरून हिमाचे वारे सुटले आणि सगळे आत आले. दुपारी अ‍ॅक्रनला बस निघायची होती.

ओडम माझ्यावर पाय लांब सोडून बसला. डॉक त्याच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून वरून लांब पट्टी आवळत होता. प्रूइट माझ्या पायथ्याशी, ओडमच्या समोर उभा राहिला.

"दादा, तो निळा जरा नीट सांग ना. बाहेर डोळ्यांत बर्फ जात होता, काही कळलं नाही."

ओडमने हात लांब करून चिकटपट्टीची रिळे घेतली आणि आपल्या नडग्यांच्या मध्ये आडव्या रांगेत मांडली. "ही आपली फळी. मधलं मोठं रीळ म्हणजे क्रॅट्झ."

"दिसतंच आहे."

"हसू नकोस. ही कात्री म्हणजे कॉलिन." कात्री त्याने रिळांच्या मागे, आपल्या मांडीच्या बाजूला ठेवली. "ही पावडरची डबी म्हणजे तू, कॉलिनच्या शेजारी. आता निळा. फळी अशी दाराकडे झुकली." रिळे सरकली. "तू असा, इकडे." डबी खिडकीच्या बाजूला माझ्या गादीत रुतली.

"मी तिकडे येऊन बघू का, दादा? तुझ्या बाजूनं?"

"कोणी हलायचं नाही," डॉक मान वर न करता म्हणाला. "बर्फ सरकतो. पट्टी अर्धी आहे माझी."

"तिथूनच बघ," ओडम म्हणाला. "आणि डोक्यात ठेवू नकोस. विचार करायला तिथे वेळ नसतो. हाताला शिकव. निळा!"

प्रूइटने हात खिडकीच्या बाजूला आपटला.

"निळा!"

पुन्हा थाप. अनेकदा. प्रत्येक थाप माझ्या गादीवर त्याच जागी पडली.

तो हात उजवा होता. ओडमची डावी बाजू ती समोर उभ्या राहिलेल्या प्रूइटची उजवी. रांग ओडमच्या बाजूने मांडलेली होती, म्हणून मांडणी बरोबर होती आणि खुणेचा अर्थ डावीकडे असाच होता. समोरून बघणाऱ्याने ती मनात उलटवून घ्यायची होती. कोणी विचारेल, डावे आणि उजवे हे शब्द त्या खोलीत कोणाला येत नव्हते का? येत होते. हात समोर असताना शब्द कोण वापरतो?

प्रूइट सामान भरायला गेला. डॉकने पट्टीचे टोक खोचले आणि तो कोपऱ्यातल्या नळावर हात धुऊ लागला. ओडम माझ्यावरून खाली उतरला आणि एका पायावर लंगडत माझ्या पायथ्याशी गेला. प्रूइट उभा होता तिथे उभा राहिला. त्याने रिळांकडे पाहिले. तो तिथे बराच वेळ उभा होता. मग त्याने मांडलेले सगळे गोळा करून पेटीत टाकले. नळावरच्या आरशात डॉकला ते दिसले असावे, कारण नळ बंद झाला तरी तो वळला नाही.

बाहेर बसने भोंगा दिला.

पुढचे ऐकीव. प्रूइट अ‍ॅक्रनमध्ये फार सुंदर धावला, म्हणतात. दुसऱ्या संघाचे लोकही उभे राहिले. शेवटच्या टप्प्यात कॉलिनने "निळा" ओरडला, फळी झुकली, आणि प्रूइट क्षणाचाही विचार न करता उजवीकडे गेला. डावीकडून आलेल्या माणसाच्या वाटेत कोणीच नव्हते. कॉलिनचे खांद्याजवळचे हाड मोडले. आम्ही तो सामना हरलो.

सोमवारी रेनफ्रो पुन्हा माझ्याजवळ उभा होता. "शिकवलं होतंस ना?"

"शिकवलं होतं," ओडम म्हणाला.

"शिकवलं होतं, कोच," प्रूइट दुसऱ्या बाकावरून म्हणाला. "माझं चुकलं."

डॉक ओडमचा घोटा बांधत होता. पट्टी वाकडी फाटली. त्याने ती काढून टाकली आणि नवी घेतली.

कॉलिनच्या जागी आलेला क्वार्टरबॅक नवखा होता. त्याला सांभाळणारा कोणी हवा, म्हणून ओडम परत आला. ज्याला हेतू शोधायचा असेल त्याला तो इथे सापडेल. मी त्याच्या जोडीला एवढेच ठेवतो, की हंगाम संपेपर्यंत ओडम दर सामन्याला त्याच गुडघ्यावर उतरला, आणि नवख्याला एकदाही मागून मार बसला नाही. वाफेने खिडकी धूसर झालेली असताना ओडम माझ्यावर पडून दात आवळायचा. प्रूइट येऊन बर्फाची पिशवी धरायचा. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते.

वसंतात संघाने ओडमशी पुन्हा करार केला नाही. आपले सामान न्यायला तो आला तेव्हा खोलीत डॉक एकटाच होता. ओडम सवयीने माझ्यावर बसला.

"गुडघा?" डॉकने विचारले.

"पाऊस कधी येणार ते सांगतो. बाकी काही कामाचा नाही."

डॉक काही वेळ पेटी आवरत राहिला. "लव्हेल, बसमध्ये सांगितलंस का रे त्याला?"

"काय?"

"तुला माहीत आहे काय. मी आरशात बघत होतो."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"मला वाटलं, तू सांगशील."

ओडमने माझ्या कडेवरून बोट फिरवले. "त्यालाच विचार की."

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दादाला विचार."

ओडम हसला. मोठ्याने नाही. "म्हणजे पोरगं शिकलं काहीतरी," तो म्हणाला आणि पिशवी खांद्यावर टाकून गेला. जाताना त्याने माझ्या गादीवर थाप मारली, की उठण्यासाठी नुसता हात टेकला, हे मी नक्की सांगू शकत नाही.

आता माझ्यावर प्रूइट बसतो. त्याचे घोटे तितके कोरे राहिलेले नाहीत. कॉलिन बरा झाला आहे आणि प्रूइट त्याला चोख सांभाळतो, असे ऐकतो. खानावळीने पावाचे नाव बदलले, मासा तोच आहे. माझे पाय अजून हलत नाहीत.

लोक या खोलीत येऊन एकतर ओडमला कपटी ठरवतात किंवा प्रूइटला मठ्ठ. माझी विनंती आहे, की तुमच्यापैकी कोणी त्या बसमध्ये असेल तर येऊन जे पाहिले तेवढेच सांगावे. अंदाज नको. अंदाज करणारे इथे बरेच आहेत.

बो क्रॅट्झ त्या बसमध्ये होता. तो सांगतो, की दोघे मागच्या रांगेत शेजारी बसले होते. ओडम बराच वेळ हळू आवाजात बोलत होता, हातांनी काही दाखवत होता, आणि प्रूइट खिडकीबाहेर बघत मान हलवत होता. हे सगळे त्याला स्पष्ट आठवते. प्रूइटच्या कानांत गाणी लावलेली होती की नाही, ते आठवत नाही.