एक पेटी, दोन सुटे

दैवशालावहिनींनी कूलरचं बटन धाडकन बंद केलं.

"शीतल, काढ तुझा तो डबा! अंडी गारठून राह्यली माझी."

घनसावंगीजवळ माझ्या वहिनी रेशमाच्या अळ्या वाढवून शेतकऱ्यांना देतात. अंडी काळ्या कागदाखाली झाकलेली होती. सकाळी कागद काढला, की उजेडात सगळ्या अळ्या एकदम बाहेर यायच्या होत्या. मागच्या वर्षी एका खेपेला हातानं कूलर चालू-बंद करताना पहाटे वहिनींचा डोळा लागला आणि उकाड्यानं निम्मी अंडी वाया गेली. म्हणून तापमान पाहून कूलर चालवणारा डबा मी बनवून दिला. त्याचा सेन्सर परवा जळाला, आज नवा बसवला. थर्मामीटरवर २५.७, डब्यावरही २५.७. मी तर हवेतच!

आणि आता दार जरा उघडं राहिलं, तर डब्यावर ५१.३, कूलर सुसाट.

"थर्मामीटर काय म्हणतंय?"

"पंचवीस पॉइंट आठ. ते बराबर हाय, तुझंच बिघडलं."

माझं डोकंच फिरलं. वर्षभर बिनबोभाट चाललेला माझा प्रोग्राम! तणतणत नव्या सेन्सरचं माहितीपत्रक उघडलं आणि किंचाळलेच, "वैनी, पेट्या उलट्या मोजून राह्यला!"

"कशाच्या पेट्या?"

सेन्सर २५.८ हा आकडा २५८ असा पाठवतो, तोही दोन तुकड्यांत. समजा, एका पेटीत दोनशे छप्पन्न मावतात. म्हणजे २५८ झाले एक पेटी, दोन सुटे. जुना सेन्सर आधी सुटे सांगायचा, नवा आधी पेट्या सांगतो. त्याचं ऐकून घेणारा माझ्या प्रोग्राममधला भाग, म्हणजे ड्रायव्हर, मात्र जुन्याच सवयीचा, त्यानं ऐकलं दोन पेट्या, एक सुटा. पाचशे तेरा! आणि मघाचे २५७? एक पेटी, एक सुटा. कसंही ऐका, सारखंच! वहिनी खोली इतकी नेमकी राखतात, की तपासताना आकडा हललाच नाही. दुसऱ्या कुणाच्या ढिसाळ खोलीत ही चूक मी तिथल्या तिथं धरली असती.

ड्रायव्हरमध्ये तुकड्यांची अदलाबदल केली.

"वैनी, आता खोली थोडी तापू द्या."

"काय म्हन्ली?"

"आकडा हलल्याशिवाय कळायचं न्हाई."

वहिनींनी दाराच्या पडद्याला हात लावला, परत मागे घेतला. "ही खेप गेली तर मी हे काम बिलकुल सोडणार, सांगून ठेवते." मग त्यांनी पडदा सारला.

२५.८. २५.९. आम्ही दोघी एकदा थर्मामीटरकडे, एकदा डब्याकडे. सव्वीस! कूलर आपला आपण सुरू झाला, २५.७ वर आपला आपण थांबला. मी वहिनींना मिठीच मारली.

रात्री त्या घरी जाऊन झोपल्या. सकाळी मला त्यांना हलवून उठवावं लागलं.

कागद काढला. थोडा वेळ काहीच नाही. मग एका कोपऱ्यात केसाएवढं काळं काहीतरी वळवळलं, त्याच्या शेजारी आणखी एक, आणि बघता बघता सगळे ट्रे हलायला लागले.

वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण आवाज नेहमीचाच खणखणीत होता.

"बघत काय उभी राह्यली? भुका लागल्या त्यांना. पाला काप, जल्दी!"