अकरा बैलांचं पाणी

लोहाऱ्याच्या एका जिनिंगमध्ये बादल काटाबाबू होता. गाडी काट्यावर घ्यायची, कापसाचं वजन कॉम्प्युटरात टाकायचं, एवढंच काम. पण दोन हजार बाराच्या त्या हंगामात कापसानं सगळ्यांनाच तोंडघशी पाडलं. मजूर घरी गेले, चहाची टपरी उठली, आणि त्या भल्यामोठ्या आवारात बादल आणि काट्याचा कॉम्प्युटर असे दोघंच उरले. दिवस दिवस स्वतःचा आवाज कानी पडत नसे. एकटेपणा माणसाला खातो म्हणतात. बादलला तो अगदी चवीनं खात होता.

म्हणून तो काट्याच्याच कॉम्प्युटरवर एका ऑनलाइन खेळात जायचा. यवतमाळला बसस्टँडजवळ फिरोजच्या सायबर कॅफेत महिन्याचं कार्ड मिळायचं, त्यावरचा नंबर टाकला की महिनाभर खेळाचं दार उघडं. समुद्रकाठचं मीठ बैलांवर लादून वाळवंटापलीकडे डोंगरातल्या गावी न्यायचं, असा तो खेळ. वाट चार मुक्कामांची. दिवसाला एक मुक्काम, त्यापुढे बैल हलत नसत. लुटारूंची भीती, म्हणून सगळे मिळून निघायचे, आणि त्यांचा नायक बादल. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याचा आजा धावजी लदेणीच्या गोष्टी सांगायचा, बैलांवर माल लादून मुलूखभर फिरलेल्या बंजाऱ्यांच्या. त्यांचा एक नेम होता: शेवटचा माणूस विहिरीवर पोचल्याशिवाय पुढचा बैल उठवायचा नाही. बादलनं तो खेळात जसाच्या तसा लावला. तीस-तीस जण त्याच्यामागे गप्पा मारत चालायचे. एक जरी मागे पडला तरी सगळे थांबायचे. तेवढा वेळ बादलला आपण माणसांत आहोत असं वाटायचं.

मग खेळ चालवणाऱ्या कंपनीला सुबुद्धी सुचली. आधी तिनं वाळवंट वाढवलं. चार मुक्कामांचे आठ झाले. पंधरा दिवसांनी खेळातच एक दुकान थाटलं. दुकानात जादूची थैली होती. वेगळे पैसे द्या, माल थैलीत टाका, आणि माल अन् मालक क्षणात डोंगरावर. महिन्याचं कार्ड होतंच.

‘तुले कोन जबरदस्ती करून राह्यलं?’ फिरोज म्हणाला. ‘घ्याची तं घे, नाही तं चाल पायी.’

‘चालाचे पैसे महिन्याले घेते, अन् आता न चालाचे बी घेते,’ बादल म्हणाला. ‘वाट कोनं लांबवली, फिरोज? त्यायनंच ना?’

फिरोजनं थैलीचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. तीही तोच विकत होता. बादलनं मात्र कानाला खडा लावला: त्या दुकानाची पायरी चढायची नाही.

तांडा तिसाचा बारावर आला, बाराचा चारावर. जाणारे गोड बोलून जात, वेळ मिळत नाही म्हणत. शेवटी उरली एकटी शमा.

शमा बाभुळगावची. अंथरुणाला खिळलेल्या आईचा दुपारी डोळा लागला की ती तासभर खेळात यायची. बादलनं तिला कधी पाहिलं नव्हतं, फोन नंबर मागणं त्याला बरं वाटलं नव्हतं. ती नेहमी मागे पडायची. विहिरीपाशी तिची वाट बघण्याचा तो वेळ त्याच्या दिवसातला सगळ्यात सुखाचा वेळ होता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

खेळाचाही हंगाम असे; तो संपायच्या आत वीस खेपा पोचवणाऱ्याला डोंगरातल्या गावात घर मिळे. शमाच्या एकोणीस झाल्या होत्या. हंगाम सरायला उरले होते पाच दिवस, आणि वाट आठ मुक्कामांची.

‘नायकभाऊ, राहू द्या,’ तिनं लिहिलं. ‘तुमी माह्यासाठी कायले थांबून राह्यले?’

थैली तिनं मागितली नाही. बादल यवतमाळला गेला, फिरोजकडून कार्ड आणलं आणि थैली घेऊन तिच्या नावावर केली. शेवटच्या माणसाला पोचवणं हा नायकाचा नेम, दुकानाची पायरी न चढणं हा त्याचा हट्ट. त्यानं नेम राखला. पण कंपनी कसली गप्प बसते. साऱ्या खेळात सोनेरी अक्षरं झळकली: ‘नायक बादल यांनी थैली घेतली! तुम्ही कधी घेणार?’ जुन्या तांड्यातल्या कुणीतरी खाली लिहिलं, ‘तुम्हीपण, नायक?’ बादलची मान शरमेनं खाली गेली.

विसावी खेप पोचवून घर मिळालेल्या शमानं डोंगरावरून विचारलं, तुम्ही कधी येता?

थैलीत बैल मावत नसत. पहिल्या दिवसापासून सांभाळलेले अकरा बैल टाकून जाणं बादलला जमणारं नव्हतं. ‘पायीच येतो,’ त्यानं लिहिलं. ‘आठ दिवस.’

तिचं उत्तर आलं: ‘माह्यं कार्ड सहाव्या दिवशी सरते. नवीन नाही घेत आता. अम्मीच्या गोळ्या हायेत.’

तरी तो निघाला. आठ दिवस एकटाच चालला. दोनदा लुटारूंपासून लपला, आणि प्रत्येक विहिरीपाशी सवयीनं मागे वळून पाहिलं.

आठव्या दिवशी दुपारी त्याला घर दिसलं. दारावर शमाचं नाव होतं, कार्ड सरलेल्यांचं दिसे तसं, विझलेल्या अक्षरांत. अंगणात ओळीनं छोटे दगडी हौद होते, काठोकाठ भरलेले. त्यानं मोजले, अकरा. एकेक हौद दगड फोडून करावा लागे. तिनं उरलेला प्रत्येक तास त्यात घातला होता. खेळातले बैल पाणी पीत नाहीत, हे तिलाही माहीत होतं.

बादलनं एकेक बैल एकेका हौदापाशी नेऊन उभा केला. मग तो अंगणात थांबला, विहिरीपाशी थांबायचा तसाच. आता मागून कुणी यायचं नव्हतं.