दोघींचा चेहरा

ताई माझ्याहून काही मिनिटांनीच मोठी, पण रुबाब असा की जणू तिनंच मला न्हाऊमाखू घातलंय. आम्ही जुळ्या. इतक्या सारख्या, की आईनं लहानपणीच वैतागून ताईचा भांग डावीकडे पाडला आणि माझा उजवीकडे. अजूनही लोक आधी आमच्या केसांकडे बघतात, मगच तोंड उघडतात.

आमचं दुकान वेताच्या खुर्च्या विणायचं. ताई वर बसून वेताची पट्टी चौकटीच्या भोकातून खाली सोडते. मी खुर्चीखाली उताणी पडून ती ओढते आणि पुढच्या भोकातून वर देते. गिऱ्हाइकांशी बोलणं अर्थातच वर होतं.

म्हणून मी चित्रकलेच्या वर्गाला एकटी जाऊ लागले. तिथल्या बाईंनी वर्गातल्या सगळ्यांना स्वतःचंच चित्र काढायला सांगितलं. सगळी चित्रं वर्गाच्या भिंतीवर लागणार होती. मी मनाशी ठरवलं, निदान या भिंतीवर तरी लोकांनी मला ओळखायचं. आरशात बघून जीव ओतून चेहरा काढला आणि घरी नेला.

आई म्हणाली, "अगंबाई, ताई काय हुबेहूब आलीय!"

आरशानं माझा भांग पलीकडे नेऊन ठेवला होता. करायला गेले एक आणि झालं भलतंच. भांग बदलणं सोपं होतं, पण माझं डोकं भणभणलं. एवढ्याशा भांगावर माझं सगळं अस्तित्व?

वर्गात हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "मग फक्त तुमच्या अशा वस्तू काढा की. त्यावरून तुम्ही कळायला हव्यात."

मी घर धुंडाळायला लागले. आणि काय सांगू, मजाच वाटायला लागली! चपला? जी आधी बाहेर पडेल तिच्या. चष्मा? नंबर एकच, त्यामुळे हाताला लागेल तो. शेवटी कान तुटलेला कप सापडला. हा नक्की माझा!

"तो माझा आहे," ताई म्हणाली. "तू वापरतेस म्हणून मी गप्प बसते."

दुसऱ्या दिवशी दुकानात खुर्चीखालूनच मी तिला विचारलं, "ताई, माझा विचार आला की तुला काय दिसतं?"

"तू दिसतेस कुठे? तू तर खाली असतेस."

मी अशी चिडले की पट्टी सोडूनच दिली.

"ऐकून तरी घे," ती वरून म्हणाली. "पट्टी वर द्यायच्या आधी तुझं बोट भोकातून जरासं वर येतं. इकडेतिकडे चाचपतं आणि गडप होतं. काय शोधतेस गं?"

मला पत्ताच नव्हता. मी माझ्या बोटाकडे बघत राहिले. खरंच, काय शोधत असेन मी? कडेचं कुसळ बोटाला लागू नये म्हणून असेल, किंवा वर कुणी आहे ना, एवढंच बघत असेन.

मी नवा कागद घेतला. अर्धवट विणलेली खुर्ची वरून काढली, आणि एका भोकातून वर आलेलं बोट. शेजारच्या भोकातून पट्टीचं टोक.

बाई बुचकळ्यात पडल्या. "आणि चेहरा?"

"तो दोघींचा आहे. एकटीच्या नावावर कसा करू?"

चित्रं लागली त्या दिवशी ताई वर्गात आली. कुठलं चित्र माझं, हे मी मुद्दामच सांगितलं नाही. ती भिंतीकडेनं एकेक चेहरा बघत पुढे सरकत होती. खुर्चीसमोर ती थांबली. तिची चिमूट पुढे झाली आणि ती चक्क पट्टीचं टोक ओढायला गेली.

मी सकाळीच शेवटचा हात मारला होता, त्यामुळे रंग ओला होता. चित्रावर फराटा उमटला, तिची बोटं बरबटली. "अगं, मला वाटलं तू दिलीस," ती ओशाळून म्हणाली.

बाई हळहळल्या. मला मात्र इतका आनंद झाला, की मी भर वर्गात रडले.