शैलजाचा कडीचा डबा

आमचे पणजोबा दादामियाँ, त्यांचे पुत्र इब्राहीम आणि इब्राहीम यांचे पुत्र, म्हणजे माझे वडील, अब्बास. रत्नागिरीतल्या त्यांच्या घरातून दुसऱ्याचे भांडे कधी रिकामे परत गेले नाही. त्याच घराण्यातल्या मी, बिलकिसने, शैलजाचा कडीचा डबा मात्र आठ वर्षे ठेवून घेतला.

१९९८ साली दोहात माझे यजमान फजल वारले. मयताच्या घरी चूल पेटत नाही. आमची नाशिककर शेजारीण शैलजा तीन दिवस त्या डब्यातून वरणभात आणत होती आणि मी जेवेपर्यंत समोरून हलत नव्हती. पुढे आवराआवरीत डबा माझ्याबरोबर रत्नागिरीला गेला.

२००६ साली मी दोहाजवळच्या मुऐदरला मुलाकडे आले, तेव्हा कळले की शैलजा दुसऱ्याच दिवशी कतार कायमचे सोडणार होती. मावसबहीण जैतूनने गाडी काढली. पूर्वीसारखे तिघींनी चहाच्या टपऱ्या फिरायचे ठरले. टपरीसमोर हॉर्न वाजवावा, चहा खिडकीशी यावा, ही इथली रीत.

अल सद्दच्या टपरीवर आता यंत्रातला चहा होता.

"हे काय? गरम सरबत!" जैतूनने पेला खाली ठेवला.

मी डबा पुढे केला. रत्नागिरीहून स्वतः करून आणलेली तांदळाची सांदणे त्यात होती. शैलजाने झाकण उघडले आणि आंबूस भपकारा आला.

"झाकण लाव गं, दारू समजून पोलीस येतील!" जैतून ओरडली.

"आपा, मला रिकामासुद्धा चालेल," शैलजा म्हणाली.

"तुला चालेल. मला चालणार नाही."

"मग खजूर भर विकतचा. खलास!"

"जैतून, शैलाने तेव्हा स्वतः रांधून आणले होते. गाडी चालव."

दुसऱ्या टपरीच्या जागी उंच इमारत उभी होती. अल वक्रात समुद्राकाठी मात्र रहमानची टपरी जिवंत होती आणि पातेल्यातला चहा अजून आचेवरच उकळत होता. जैतूनने हॉर्नकडे हात नेला. मी तो धरला आणि दार उघडले.

"आपा उतरतेय?" जैतून शैलजाला म्हणाली. "इतक्या वर्षांत कधी उतरली नाही ही!"

रहमान केरळचा. मला पाहून तो गडबडला. "अम्मा, गाडी में भेजता हूँ ना."

"रहमान, हटो."

तो हसत बाजूला झाला. त्याच्या नळावर मी डबा रिकामा करून घासून घेतला. दुसऱ्या पातेल्यात पत्ती, वेलची, दूध घातले आणि रंग चढेपर्यंत आचेशी उभी राहिले. चहा काठोकाठ भरला, ओढणीने कडी धरली आणि डबा शैलजाच्या मांडीवरच्या टॉवेलवर ठेवला.

तिने झाकणात ओतून घोट घेतला. डब्यावर तिच्या मुलाचे, अमेयचे, नाव ठिपक्यांनी कोरलेले होते. त्यावर तिचा अंगठा फिरत राहिला.

"साखर कमी आहे, आपा."

"शुगर आहे ना तुला? पी मुकाट्याने."

"आणि मी?" जैतूनने विचारले.

"तुझा डबा माझ्याकडे नाही. हॉर्न वाजव."

झाकण रिकामे होईपर्यंत मी खिडकीपासून हलले नाही. मग पातेल्यातला उरलेला चहा आणून डबा पुन्हा काठोकाठ भरला, झाकण दाबून बसवले आणि म्हणाले, "हा घरी ने."

शैलजाने दोन्ही हातांनी डबा उचलून पाहिला. "भरला, आपा," ती म्हणाली.