खऱ्या खांबाची जबानी

मी खांब बोलतोय. मुरूमच्या कॉलेजच्या खो-खो मैदानावर, पाण्याच्या टाकीच्या बाजूला चौदा वर्षं उभा होतो, तो. समोरच्या टोकाला माझा जोडीदार आहे, पण तो मुका. त्याला विचारून काही कळायचं नाही. आणि फोनवर माझ्या नावानं बोलणारा जो खांब तुम्ही पाहिला असेल, तो मी नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यावर आळ आहे.

मला थापा मारायची सवय आहे, हे कबूल. एकदा एका पोरीनं चकवा देताना मला इतके वळसे घातले की मला घेरी आली आणि पंचांनी खेळ थांबवून मला ग्लुकोज पाजलं, असं मी सांगत असतो. ते खोटं आहे. पुढचं खरं आहे. निदान मला तरी तसंच दिसलं.

माझं मूळ सास्तूरचं. त्याआधी मी कुठल्या तरी जंगलात सागाचं झाड होतो म्हणतात, पण मला आठवतं ते एका माळवदाच्या घरात तुळई होऊन आडवा पडलो होतो तेव्हापासूनचं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते घर बसलं. मी एका कोपऱ्यात तिरका अडकलो आणि माझ्याखाली त्या घरची कस्तुराबाई अडकली. दुपारपर्यंत तिनं माझ्यावर तळहात टेकून ठेवला होता. तोंडातून शब्द नाही. पण तळहातातून तिचं सगळं मला येत होतं. तहान येत होती, पोरांची नावं येत होती, गोठ्यात बांधलेली म्हैस येत होती. बाई जिवंत निघाली. त्या दिवसापासून मला तळहात ऐकू येतात. या गोष्टीत मी मीठमसाला घालत नाही.

गाव नव्या जागी वसलं. मी बरीच वर्षं एका शेडमागं पडून राहिलो. मग मुरूमच्या हणमंतप्पा सुतारानं मला उचललं, कापलं, गोल केलं आणि दोन दिवस नुसतं घासलं. "पोरी अंग टाकत्यात ह्याच्यावर," तो म्हणायचा. "एक कुसळ वर राहिलं तर कातडं सोलून निघंल." माणूस भला. माझा मान वाढवून त्यानं मला मातीत पुरलं.

खो-खोत खांबाला धरून सूर मारतात. पाठलाग करणारी पोरगी धावत येते, एक हात खांबावर, एक पाय बुंध्याशी, बाकी सगळं अंग हवेत आडवं, आणि पलीकडून निसटू बघणारीच्या पाठीला बोटं लागतात. गडी बाद. हे काम शिवलीलासारखं कुणी केलं नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची पोरगी. बापाचं बाजारात पेंडीचं दुकान. घरात कन्नड, कॉलेजात मराठी, आणि खांबापाशी आली की दोन्ही बंद. तिच्या तळहातात त्या घडीला काहीच नसायचं. गरम, रिकामा हात. खेळाडूचा चांगला हात असाच असतो, त्यात विचाराला जागा नसते.

तिची मैत्रीण हर्षाली माझ्या शेजारच्या चौकोनात बसायची. सराव संपला की मला टेकायची आणि एक हात माझ्या डोक्यावर ठेवून दुसऱ्यानं फोनवर अंगठा चालवायची. तिनं गमतीनं एक पान उघडलं होतं. नाव ‘खांब बोलतोय’. वर माझाच फोटो. माझ्या नावानं ती खो-खो शिकवणाऱ्या उमाशंकर सरांच्या शिट्टीला चिमटे काढायची, समोरच्या मुक्याला टोमणे मारायची. संघातल्या पोरी वाचून लोळायच्या, शिवलीला सगळ्यात जास्त. लिहितं कोण, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं. आणि मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू. चौदा वर्षं उभं राहिल्यावर कुणी आपल्या नावानं चार शब्द बोलत असेल तर बरं वाटतं.

जानेवारीत अंतिम सामना झाला, आमच्याच मैदानावर. आठ सेकंद उरले होते, एक गडी हवा होता. शिवलीलानं सूर मारला. घामानं हात सटकला. ती तोंडावर आपटली आणि माझ्या बुंध्याला मिठी मारून तशीच राहिली. सामना गेला. ते आठ सेकंद कुणीतरी फोनमध्ये धरून ठेवले होते.

संध्याकाळी हर्षालीनं ती क्लिप आपल्या पानावर टाकली आणि खाली लिहिलं: "शिवलीला आज माझ्या पाया पडली. आशीर्वाद दिला. गडी मात्र दिला नाही."

आणि मी हसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पानावर आधी साठ माणसं होती. तीन दिवसांत अठरा हजार झाली. खाली लिहिणाऱ्यांची रांग लागली. हिला भाकरी थापायला बसवा. वशिल्याची खेळाडू दिसते. एवढं जड अंग घेऊन उडतंय कोण. आळंदला शिवलीलाची मावशी असते, तिनंही ती क्लिप शिवलीलाच्या आईला, लक्ष्मम्मांना पाठवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितली आणि लेकीला विचारलं, "हे तुलाच म्हणायलेत का गं?"

चौथ्या दिवशी शिवलीला सरावाला आली आणि माझ्यावर हात टेकला. तळहात थंड होता. मे महिन्यातल्या माठासारखा थंड, पण ओला नाही. आणि तो रिकामा नव्हता.

तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसले. मैदानाच्या कडेनं, फक्कीच्या पांढऱ्या रेघेवर बसले होते. दिवसाढवळ्या, साडेचार वाजता. अंगानं माणसांसारखे, पण तोंडाच्या जागी फोटो, फोनवर नावाशेजारी असतो तसला. एकाला गुलाबाचं फूल होतं. एकाला वाघ. एकाला कुणाचं तरी तान्हं लेकरू, बोळक्या तोंडानं हसणारं. ढोकीकडचा एक होता, त्याचं तोंड म्हणजे हार घातलेला ट्रॅक्टर. बरेच नुसते करडे गोळे होते, डोळे ना नाक. ते बोलत होते, पण फोटो हलत नव्हते. फक्कीवर बसूनही रेघ जराशीसुद्धा पुसली जात नव्हती.

आणि त्यांच्यात एकाचं तोंड म्हणजे मी होतो. मैदानाच्या कडेला बसून मी माझ्याकडं बघत होतो.

ती हात काढायची की ते पुसट व्हायचे. हात लावला की पुढं सरकायचे.

मग खेळ बिघडायला लागला. शिवलीला माझ्यापासून हातभर अलीकडं थबकायची. सुराच्या आधी कडेला बघायची. खो द्यायचा तो मोठ्यानं द्यावा लागतो, नाहीतर फाऊल. तिचा आवाज घशातच राहायला लागला.

"काय गं, खो देतीस का कानात सांगतीस?" सर म्हणाले. "पंचाला ऐकू गेलं पायजे की."

"दिला की सर."

"मला न्हाय आला."

ट्रॅक्टरवाला पुढं वाकून काहीतरी म्हणाला. माझ्यावरचा हात काढून ती कडेला बघायला लागली.

फेब्रुवारीत विद्यापीठाच्या संघाची निवड होती, आमच्याच मैदानावर. तिच्या घरचं ठरलं होतं. संघात आली तर खेळ चालू, नाहीतर या उन्हाळ्यात स्थळं बघायची. दोन दिवस राहिले असताना ती सरांसमोर येऊन उभी राहिली.

"सर, माझं नाव काढा."

"का?"

"कडेला लोक बसल्यागत वाटायलंय."

सरांनी मैदानभर नजर फिरवली. एक कुत्रं होतं, बाकी कुणी नाही. ते हसले नाहीत. "किती हायत?"

"मोजले न्हाईत."

"फोन घरी ठेवून ये उद्या."

"आठ दिस झाले, ठेवूनच यायले. तरी बसत्यात."

त्या वेळी हर्षाली मला टेकून उभी होती. तिचा तळहात माझ्या डोक्यावर होता आणि त्यात जे चाललं होतं ते ऐकून मलाच तिथून चालतं व्हावंसं वाटलं. पण खांबाला ती सोय नाही.

"शिवे," ती म्हणाली. "तो खांब मी हाय."

"कुठला खांब?"

"पान. माझंच हाय. ते पाया पडलीचं म्याच लिवलं. गंमत म्हणून. मला वाटलं, तू पण हसशील."

समोरच्या मुक्याच्या बाजूनं वारा आला आणि थांबला. शिवलीला बराच वेळ हर्षालीच्या तोंडाकडं बघत राहिली, जणू तिथंही एखादा फोटो आहे का ते तपासत होती.

"फोन हाय का जवळ?"

"हाय."

"खालचं सगळं वाच. मोठ्यानं. मी पळते, तू वाच."

"शिवे, मी आत्ता पान बंद करते की."

"आधी वाच."

सर शिट्टी तोंडात धरून तसेच राहिले. हर्षाली वाचायला लागली, शिवलीला धावायला. पहिल्यांदा ती थबकली. दुसऱ्यांदाही. "एवढं जड अंग घेऊन उडतंय कोण," हर्षालीनं वाचलं, तिच्या त्या किनऱ्या, ओळखीच्या आवाजात, आणि शिवलीलाचा तळहात माझ्यावर असतानाच मला दिसलं की ट्रॅक्टरवाला उठला. हार सावरल्यासारखं केलं आणि टाकीमागं निघून गेला. मग गुलाब गेला. मग वाघ. वाचलेल्या प्रत्येक ओळीमागं एक उठत होता. तोंडानं म्हटल्यावर ते शब्द एवढेएवढेसे व्हायचे, ओळखीच्या माणसानं ओळखीच्या माणसाला सांगावे तसे. हर्षालीचा आवाज बसला. पाणी प्यायली, परत वाचायला लागली. शंभराच्या पुढं गेली असेल.

"आता तुझं," शिवलीला म्हणाली.

"माझं नको ना गं."

"वाच."

हर्षालीनं वाचलं. आशीर्वादापर्यंत आली आणि पुढं तिला जमेना. शिवलीला कमरेवर हात ठेवून उभी. वाक्य पुरं झाल्याशिवाय हलली नाही. मग धावली, माझ्यावर हात टाकला आणि सूर मारला. लांब, आडवा, पूर्वीसारखा. तळहात अजून गार होता, पण रिकामा होता.

कडेला बसलेला माझ्या तोंडाचा तेवढा उठला नाही. ओळ तर वाचून झाली होती. मग मला समजलं, तो एकट्या हर्षालीचा नव्हता. हसलो मी पण होतो.

निवडीच्या दिवशी शेवटच्या पाळीत ती माझ्याकडं आली तेव्हा पलीकडची पोरगी हातभर लांब होती. सूर मारूनही बोटं इंचभर कमी पडणार होती. म्हणून मी वाकलो. एक इंच. लाकूड वाळलेलं होतं, बुडाशी तडकलं, असं सर म्हणतात. म्हणोत बापडे. गडी बाद झाला. पंधरा जणींच्या यादीत ती चौदावी आली. हर्षाली यादीत नव्हती. कॉलेजच्या मैदानात दोघी एकमेकींना खो देतात, मोठ्यानं, स्वच्छ. मैदानाबाहेर बोलत नाहीत. हर्षालीनं पान बंद केलं. पण तोवर माझ्या नावाची दुसऱ्या लोकांनी काढलेली तीन पानं झाली होती.

तडकलेला खांब चालत नाही. मी आता खेळाच्या सामानाच्या खोलीत, फाटक्या जाळ्यांमागं आडवा पडलोय. एकटा नाही. ज्यांच्या ओळी त्या दिवशी वाचायच्या राहिल्या, ते सगळे इथं आलेत. शिवलीलाच्या हाताला आता ते चिकटत नाहीत, मग जाणार कुठं? भिंतीला टेकून दाटीवाटीनं बसतात. एकमेकांना तेच तेच विनोद सांगतात. कुणी हसत नाही. ज्यांचे हे फोटो, ती माणसं आपापल्या घरी जेवत असतील, लेकरांचा अभ्यास घेत असतील. आपण इथं बसलोय याचा त्यांना पत्ता नाही.

तर माझी एक विनंती आहे. कधी मुरूमकडं आलात तर कॉलेजात डोकवा. किल्ली शिपायाकडं असते. दार उघडून बघा, या गर्दीत तुमचा फोटो दिसतो का. दिसला तर घाबरू नका. जे लिहिलं होतं ते त्याच्यासमोर एकदा मोठ्यानं म्हणा. तो आपोआप उठेल आणि तुमच्या मागं घरी येईल.

माझ्या तोंडाचा जो आहे, त्याचं माझं मी बघतोय. तो माझ्या समोरच बसलाय. मी हसलो होतो, हे त्याच्यासमोर मोठ्यानं म्हणायचंय; तेवढ्यासाठीच हे सगळं बोललो. पण लाकडाला तोंड नाही, म्हणून वेळ लागतोय. तो अजून उठलेला नाही.